होडीचे नाक वर का जाते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

हतनूरच्या फुगवट्यात, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेजच्या पाण्यात, नवापूर-नंदुरबारकडील उकाई जलाशयाच्या काठांवर आणि सातपुड्यापलीकडे नर्मदेत लहान इंजिनाच्या होड्या चालवणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: वेग दिला की होडीचे पुढचे टोक वर उचलले जाते आणि समोरचे काही दिसत नाही. आपल्याकडील जलाशयांत ही केवळ गैरसोय नाही. पाण्याखाली बाभळीची खोडे उभी असतात, उन्हाळ्यात पातळी उतरली की ती वर येतात, आणि जाळ्यांचे बोये तर बारा महिने असतात. त्यामुळे या वेळी याच विषयावरील प्रश्न एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम विस्ताराने दिले आहे, कारण पुढील बहुतेक उत्तरे त्याच्यावर उभी आहेत.

प्रश्न : आमची होडी १६ फूट लांब, फायबरची असून तिला ९.९ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन आहे. आम्ही दोघे असतो. एक जण मागे बसून हँडल धरतो, दुसरा मधल्या पाटावर बसतो. जाळी आणि पेट्रोलची टाकी मागेच असते. अर्ध्याहून जास्त वेग दिला की पुढचे टोक इतके वर जाते की उभे राहिल्याशिवाय बोये दिसत नाहीत. दुकानदार इंजिनाला पंखासारखी पट्टी, म्हणजे फिन, लावायला सांगतो. ती घ्यावी का?
— हतनूर जलाशयात मासेमारी करणारे वाचक, तालुका मुक्ताईनगर

उत्तर : फिन आत्ताच घेऊ नये. आधी होडीत कोणते वजन कुठे आहे ते पाहावे, मग इंजिनाचा कोन पाहावा, त्यानंतर इंजिनाची उंची, आणि एवढे करूनही दोष उरला तरच पैसे खर्च करावेत. हा क्रम सोडून केलेली दुरुस्ती बहुधा मूळ दोष झाकते आणि पेट्रोल वाढवते.

आपल्या पत्रातील वर्णनावरून हिशेब मांडू. या ताकदीचे इंजिन साधारण ४० किलोचे असते. हँडल धरणारा माणूस ६५ किलोचा धरू. २० लिटर पेट्रोल आणि टाकी मिळून १७-१८ किलो होतात, आणि ओली जाळी ३०-४० किलोंना सहज पोहोचतात. म्हणजे दीडशे किलोंहून अधिक वजन होडीच्या शेवटच्या चार फुटांत एकवटलेले आहे आणि पुढच्या आठ फुटांत जवळजवळ काहीच नाही. बैलगाडीत सगळा माल मागे भरला तर ती उलाळ होते, तीच अवस्था या होडीची झाली आहे. फरक इतकाच की गाडीला जू आवरून धरणारे बैल असतात, होडीच्या पुढच्या टोकाला धरणारे कोणी नसते.

वजन हलवल्याने किती फरक पडतो, हे एका सोप्या हिशेबाने काढता येते. हलवलेले वजन किलोमध्ये आणि ते किती मीटर पुढे नेले ते अंतर, यांचा गुणाकार करावा. त्याला १२ ने गुणावे. आणि येणाऱ्या संख्येला १००० गुणिले होडीची रुंदी गुणिले लांबीचा वर्ग यांनी भागावे. रुंदी व लांबी मीटरमध्ये आणि पाण्याला टेकलेल्या भागाचीच घ्यावी. उत्तर मीटरमध्ये येते, आणि पुढचे टोक मागच्या टोकाच्या तुलनेत किती खाली आले ते सांगते. आपल्या होडीचा पाण्याला टेकलेला भाग साडेचार मीटर लांब आणि सुमारे १.४ मीटर रुंद आहे असे धरले, तर ६० किलोंचा माणूस दोन मीटर पुढे सरकल्यावर उभ्या होडीत सुमारे ५ सेंटिमीटर फरक पडतो. हे गणित दोन्ही टोकांना चौकोनी असलेल्या होडीचे आहे. पुढे निमुळत्या होत गेलेल्या होडीत फरक याहून थोडा जास्तच पडतो.

आता हाच हिशेब इंजिनाच्या कोनाला लावून पाहावा. लहान इंजिन होडीच्या मागच्या फळीला आवळून धरणाऱ्या पकडीच्या, म्हणजे क्लॅम्पच्या, दोन्ही बाजूंना भोकांची एक ओळ असते आणि त्यातून एक आडवी पिन गेलेली असते. इंजिनाचा पाय या पिनेवर टेकतो. पिन होडीच्या मागच्या फळीच्या जवळच्या भोकात घातली की इंजिनाचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) आत, होडीखाली सरकतो, त्याचा रेटा किंचित वरच्या दिशेने लागतो, मागचा भाग उचलला जातो आणि पुढचे टोक खाली येते. पिन बाहेरच्या भोकात गेली की याच्या उलट होते. अनेक इंजिनांत एका भोकाचा फरक सुमारे चार अंशांचा असतो. ९.९ अश्वशक्तीच्या इंजिनाचा रेटा अंदाजे ८० किलो धरला, तर चार अंशांच्या फरकाने त्यातील साडेपाच किलोंच्या आसपास रेटा मागचा भाग उचलण्याच्या कामी येतो. होडीच्या वजनाच्या मध्यापासून पंखा अडीच मीटर मागे असेल, तर एक भोक बदलण्याचा परिणाम साठ किलोंचा माणूस जेमतेम एक वीत पुढे सरकण्याइतका होतो.

ही गोष्ट लहान होडी चालवणाऱ्या प्रत्येकाने मनात पक्की धरावी असे मला फार वाटते. मोठ्या बोटींच्या माहितीपुस्तकांत ट्रिमचे, म्हणजे इंजिनाचा कोन बदलण्याचे, बटण सगळ्यात आधी येते, कारण तिथे रेटा तिप्पट-चौपट असतो आणि बोट जड असते. आपल्या लहान होडीत मात्र माणूस कुठे बसला आहे याचे मोल पिनेच्या भोकापेक्षा कितीतरी जास्त आहे. चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाच्या बोटीवर हा हिशेब बदलतो. तिथे चार अंशांतच वीस किलोंच्या आसपास उचल मिळते.

तेव्हा पहिले काम जाळ्यांचे. ती मधल्या पाटाच्या पुढे रचावीत. टाकीसाठी तेवढ्याच आतील व्यासाची लांब नळी घेऊन टाकीही मध्यापर्यंत आणावी. नळीला मध्ये जोड देऊ नये, आणि ती पाटाखाली कुठे दबत नाही हे पाहावे, नाहीतर जास्त वेगात इंजिनाला पेट्रोल पुरत नाही. बॅटरी असेल तर तीही पुढे घ्यावी, पण तिची वायर लांब करताना जाड घ्यावी लागते. यानंतर चालवणारा स्वतः. हँडलला जोडायचा लांब दांडा बाजारात मिळतो. काही जण प्लॅस्टिकच्या पाइपाचा घरीच करतात. घरचा दांडा चालेल, पण तो हँडलवर घट्ट बसला पाहिजे, वळवताना कशालाही अडकता कामा नये, आणि इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला बांधलेलीच राहिली पाहिजे. दोरी अपुरी पडते म्हणून ती सोडून द्यायची असेल, तर दांडा न लावलेला बरा.

दुसरे काम पिनेचे. होडी काठावर ओढून, इंजिन बंद असताना, तळाच्या मधल्या रेषेत एक सरळ लाकडी पट्टी धरावी आणि ती मागे इंजिनाखालपर्यंत येऊ द्यावी. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते ती या लाकडी पट्टीला समांतर दिसली पाहिजे. तिथून एक भोक आत घेऊन पाण्यात चाचणी घ्यावी. आपल्याकडे स्थानिक कारागिरांनी बांधलेल्या बऱ्याच होड्यांची मागची फळी अगदी उभी असते, तर इंजिने मात्र साधारण बारा अंश मागे कललेली फळी गृहीत धरून बनवलेली असतात. उभ्या फळीवर पिन सगळ्यात आतल्या भोकात घातली तरी पंखा होडीखाली पुरेसा जात नाही. त्यावर उपाय म्हणजे फळी आणि क्लॅम्प यांच्यामध्ये कठीण लाकडाची पाचर बसवणे, वरच्या बाजूला जाड आणि खाली पातळ. पाचर बसवल्यावर क्लॅम्पचे स्क्रू नुसते आवळून भागत नाही. आरपार बोल्ट घालावेत आणि इंजिनाला वेगळी साखळीही बांधावी.

तिसरी गोष्ट उंचीची. हीच लाकडी पट्टी धरली असता पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याच्या एक इंच खालपर्यंत असावी. आखूड पायाचे इंजिन १५ इंच उंचीच्या फळीसाठी आणि लांब पायाचे २० इंचांच्या फळीसाठी असते. १५ इंचांच्या फळीवर लांब पायाचे इंजिन लावले, तर पंखा पाच इंच जास्त खोल जातो, रेटा खालून लागून पुढचे टोक आणखी वर ढकलले जाते, आणि सुकाणूही जड होते. जुने इंजिन विकत घेताना ही चूक फार होते.

एवढे झाल्यावर वेगाचा मुद्दा उरतो, आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. पाणी कापत चालणाऱ्या प्रत्येक होडीला लांबीवर ठरणारी एक वेगमर्यादा असते. पाण्याला टेकलेल्या लांबीच्या, फुटांतील, वर्गमुळाला १.३४ ने गुणले की ती नॉट्समध्ये मिळते. १६ फुटांना ती ५.४ नॉट्सच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर येते. आपल्या होडीची पाण्यातील लांबी थोडी कमी असल्याने किंचित कमीच. याहून जास्त वेगात होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू पाहते, मागचा भाग लाटेच्या खळग्यात बसतो आणि पुढचे टोक वर जाते. हा चढ ओलांडून होडी पाण्यावर घसरू लागली की ती पुन्हा बरीच आडवी होते, पण त्यासाठी एका अश्वशक्तीमागे एकूण वजन २० ते २५ किलोंच्या आत असावे लागते. आपली होडी, इंजिन, दोन माणसे, जाळी आणि मासळी मिळून वजन याच्या दुपटीकडे जाते. म्हणजे जाताना, रिकामी असताना ती कदाचित चढ ओलांडेल, येताना भरलेली असताना ओलांडणार नाही. अशा वेळी हँडल पूर्ण पिळल्याने पेट्रोल जळते, नाक वर राहते, आणि वेग मात्र ताशी दोन-तीन किलोमीटरनेच वाढतो. भरलेली होडी ताशी आठ-नऊ किलोमीटरने आणावी. तेवढ्या वेगात बोये दिसतील.

प्रश्न : वरीलप्रमाणेच त्रास होता म्हणून पिन सगळ्यात आतल्या भोकात घातली आणि दोन प्रवाशांना अगदी पुढे बसवले. नाक खाली आले, पण आता होडी सरळ जात नाही, एकदम एका बाजूला ओढ घेते. वैशाखात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की पुढून पाणी आत येते.
— तापीकाठचे वाचक, प्रकाशा परिसर

उत्तर : आपण गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती केली आहे. पुढचे टोक पाण्यात खोल रुतले की होडी मागच्या भागाऐवजी नाकावर वळू लागते. मागचा भाग हलका होऊन बाजूला फेकला जातो, हँडल जड लागते, आणि मागून लाट आली तर होडी आडवी होऊन कलंडण्याचा धोका असतो. प्रवासी घेऊन जाताना हा धोका पत्करू नये. वर गेलेल्या नाकापेक्षा रुतलेले नाक अधिक घातक आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

सर्वांत पुढच्या टोकावर कोणालाही बसवू नये. होडीची लांबी तीन भागांत विभागली, तर प्रवासी मधल्या भागात आणि मधल्या भागाच्या पुढच्या अर्ध्यात असावेत. पिन एक भोक बाहेर घ्यावी. चालत्या होडीचे नाक आडव्या रेषेपेक्षा किंचित वर असलेच पाहिजे. पाण्यावर घसरणाऱ्या होडीला तीन ते पाच अंशांचा कोन सर्वांत कमी ओढीचा असतो. तेव्हा नाक पूर्ण आडवे करणे हे आपले उद्दिष्ट नसून, बसलेल्या चालकाला टोकावरून पलीकडचे पाणी दिसावे इतकेच ते खाली आणायचे आहे.

वाऱ्यासमोर जाताना पिन आतल्या भोकात, वारा व लाटा पाठीशी असताना बाहेरच्या भोकात, अशी सवय ठेवावी. तापी पश्चिमेकडे वाहते आणि उन्हाळ्यातला वारा समोरून येतो. बॅरेजमधून पाणी सोडलेले असेल तेव्हा प्रवाहाविरुद्ध वाऱ्याने लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा पाण्यात वेग कमी करणे हाच पुढून पाणी न येऊ देण्याचा खरा उपाय आहे.

आणखी दोन गोष्टी आपण विचारल्या नसल्या तरी सांगतो. घाट जवळ आला की सगळे प्रवासी एकदम उठून पुढे येतात. होडी बांधली जाईपर्यंत कोणी उठू नये, हे निघतानाच सांगावे. आणि मागे वजन असलेल्या होडीचा वेग कधीही एकदम तोडू नये, कारण होडी थबकते पण तिने उठवलेली लाट मागून येत राहते आणि मागच्या फळीवरून आत शिरते.

प्रश्न : आमच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाऐवजी तेवढ्याच अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक घेतले. होडी तीच, माणसे तीच, तरी नाक वर राहू लागले आहे. इंजिनात दोष आहे का?
— उकाई जलाशयाच्या काठावरील वाचक, तालुका नवापूर

उत्तर : इंजिनात दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. तेवढ्याच ताकदीचे फोर-स्ट्रोक इंजिन टू-स्ट्रोकपेक्षा दहा-पंधरा किलोंनी जड असू शकते, आणि ते वजन होडीच्या अगदी शेवटी, मागच्या फळीच्याही बाहेर लागते. वर दिलेल्या हिशेबाने तेवढे वजन भरून काढण्यासाठी टाकी किंवा बॅटरी दोन-तीन मीटर पुढे आणणे सहसा पुरते. जुन्या इंजिनावरची पिन ज्या भोकात होती तेच भोक नव्यावर बरोबर असेल असे धरू नये. लाकडी पट्टीची तपासणी नव्याने करावी.

मात्र इंजिन बदलण्याच्या सुमारासच होडी जुनी झाली असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. फायबरच्या बऱ्याच होड्यांत तळाच्या दोन थरांमध्ये फोम भरलेला असतो, आणि एखाद्या बारीक चिरेतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून तो भिजतो. बाहेरून काहीही दिसत नाही, होडी फक्त जड होत जाते. काठावर ओढल्यावर मागच्या भागात बोटांनी टकटक करून ऐकावे. कोरड्या भागाचा आणि भिजलेल्या भागाचा आवाज वेगळा येतो. तळात साचलेले मोकळे पाणीही असेच फसवते: नाक वर गेले की ते सगळे मागे धावते, मागचा भाग आणखी बसतो, मग आणखी पाणी मागे येते. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो वजन, आणि तेही नको त्या ठिकाणी. निघण्यापूर्वी पाणी उपसून टाकणे ही नाक खाली आणण्याची सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

प्रश्न : धरणाकडे खोल पाण्यात आमची होडी नीट चालते. वरच्या बाजूला, गाळ साचलेल्या भागात गेले की त्याच वेगात मागचा भाग बसतो आणि नाक वर येते. असे का?
— वाचक, तालुका रावेर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. उथळ पाण्यात होडीखालून मागे जाणाऱ्या पाण्याला जागा कमी मिळते, तळाखालचा दाब घटतो आणि होडी, विशेषतः मागे, खाली ओढली जाते. शिवाय उथळ पाण्यात लाटांचा वेग खोलीवर ठरतो. एक मीटर खोलीला तो ताशी सुमारे ११ किलोमीटर येतो, आणि होडी त्या वेगाच्या जवळ गेली की लाटेचा चढ एकदम उंच होतो. हतनूरमध्ये गाळाचा प्रश्न जुना आहे, त्यामुळे वरच्या भागात ही स्थिती नेहमीची समजावी. मागची लाट अचानक उंच आणि उभी दिसू लागली, की खाली पाणी थोडेच आहे असे समजून वेग उतरवावा. पिन बदलून हा दोष जाणार नाही, आणि मागचा भाग बसल्यावर पंखा गाळात किंवा खोडात जाण्याचे भय वेगळेच.

प्रश्न : आपत्कालीन मदतीसाठी आमच्या पथकाकडे हवा भरायची रबरी बोट आणि २५ अश्वशक्तीचे इंजिन आहे. मे महिन्यात सराव करताना बोट एकसारखी वरखाली आपटत जाते. वाऱ्यात नाक इतके उचलले गेले की भीती वाटली.
— स्वयंसेवक, धुळे जिल्हा

उत्तर : भीती वाटली ते योग्यच झाले. रबरी बोट हलकी असते, पुढचा भाग रुंद आणि वर वळलेला असतो, आणि चालक एकटा मागे असेल तर समोरच्या वाऱ्याने ती मागे उलटू शकते. रिकामी बोट जोरात चालवण्याचा सराव एकट्याने कधीही करू नये. दुसरा स्वयंसेवक पुढच्या तिसऱ्या भागात, तळावर, गुडघे टेकून किंवा बसून, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या धरून असावा. बोटीच्या कडेच्या हवा भरलेल्या नळीवर बसू नये.

नाक ठरावीक लयीत वरखाली आपटत राहते, याचा अर्थ इंजिन बाहेर कललेले आहे किंवा वजन मागे आहे. पिन आत घ्यावी, माणूस पुढे घ्यावा, आणि लय सुरू होताच वेग थोडा उतरवावा. तेवढ्याने बहुधा ती थांबते.

रबरी बोटीत मात्र याआधी हवेचा दाब तपासावा लागतो. उन्हात, गरम हवेने भरलेली बोट पाण्यात टाकली की आतली हवा थंड होऊन दाब उतरतो. खानदेशातल्या मे महिन्यात हा फरक चांगलाच जाणवतो. दाब कमी झालेली बोट मध्यावर वाकते, पुढचा भाग बिजागरीवर असल्यासारखा वर जातो, आणि मग वजन कितीही पुढे नेले तरी उपयोग होत नाही. म्हणून पाण्यात टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी दाब पुन्हा मोजून पंपाने भरावा, आणि बोट परत उन्हात काढल्यावर थोडी हवा सोडावी. उत्पादकाने बोटीवर छापलेला दाबाचा आकडाच प्रमाण मानावा.

प्रश्न : मग फिन किंवा मागे लावायच्या ट्रिमच्या पट्ट्या कधीच घेऊ नयेत का?
— वाचक, शहादा

उत्तर : असे नाही. वजन, कोन आणि उंची तिन्ही बरोबर करूनही होडी चढ ओलांडायला फार वेळ घेत असेल, तर फिनने मागचा भाग उचलला जातो आणि फरक दिसतो. ठरावीक गतीने, ठरावीक भार घेऊन जाणाऱ्या होडीला मागच्या फळीच्या खालच्या कडेला बसवलेल्या ट्रिमच्या पट्ट्याही उपयोगी पडतात. परंतु बऱ्याच फिनसाठी पंख्यावरच्या पट्टीला भोके पाडावी लागतात, आणि कमी वेगात दोन्ही वस्तू नुसती ओढ वाढवतात. ज्या होडीचा तळच मागच्या बाजूला बाहेर फुगलेला आहे, तिचे नाक कोणत्याही जोडणीशिवाय वर उचलत राहते. अशा होडीला या पट्ट्यांचा खरा उपयोग आहे. तळ सरळ आहे की नाही हे त्याच लाकडी पट्टीने कळते: शेवटच्या पाच-सहा फुटांत पट्टी आणि तळ यांमध्ये कुठेही फट दिसू नये.

प्रश्न : नर्मदेच्या काठावरून आम्ही माणसे आणि किराणा नेतो. जाताना होडी भरलेली असते, तेव्हा त्रास नसतो. परतताना मी एकटाच असतो आणि नाक आकाशाकडे जाते. पुढे दगड ठेवले तर चालेल का?
— वाचक, तालुका अक्राणी

उत्तर : वजन ठेवण्याचा आपला विचार बरोबर आहे, दगड मात्र ठेवू नयेत. दगड लाटेत घरंगळतात, फायबर फोडतात, आणि होडीत पाणी भरलेच तर तिला तळाशी नेतात. त्याऐवजी २० लिटरचे झाकणाचे प्लॅस्टिकचे कॅन नदीच्याच पाण्याने काठोकाठ भरून पुढे ठेवावेत. पाण्यात बुडालेल्या पाण्याचे वजन होडीला खाली ओढत नाही, म्हणून होडीत पाणी शिरले तरी हे कॅन तिला बुडवत नाहीत. कॅन अर्धवट भरू नयेत, कारण आतले पाणी हिंदकळत राहते. आपली होडीही वरील १६ फुटी होडीच्या मापाची असेल, तर तीन मीटर पुढे ठेवलेला एक कॅन सुमारे अडीच सेंटिमीटर फरक पाडतो. एकट्या माणसाच्या होडीला दोन किंवा तीन कॅन पुरेसे व्हावेत.

ते पुढच्या पाटाखाली, तळाला टेकून, दोरीने दोन्ही बाजूंना बांधावेत. अगदी टोकात कोंबू नयेत. पलीकडे पोहोचून माणसे आणि सामान चढवण्यापूर्वी सगळे कॅन रिकामे करण्याचा नेम ठेवावा, कारण भरलेल्या होडीत ते ४० ते ६० किलो म्हणजे जवळजवळ एका माणसाचे वजन आहे आणि काठाची पाण्यापासूनची उंची तेवढ्याने घटते. ती उंची डोळ्यांना दिसावी म्हणून होडीच्या बाहेरून, पुढे आणि मागे दोन्हीकडे, काठापासून एक फूट खाली रंगाची ठळक रेघ मारून घ्यावी. सामान भरल्यावर दोन्ही रेघा पाण्यावर दिसल्या पाहिजेत. मागची रेघ बुडाली आणि पुढची बरीच वर राहिली, तर सामान पुढे सरकवावे. दोन्ही बुडाल्या, तर एक फेरी जास्त करावी.